उत्तरेचा वाटा

आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे करणाऱ्याला लबाडी करायची सोयच नाही, कारण जे उरेल ते त्याच्याच पदरात पडणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओरडलेच, "अरे, हे तर भारी आहे!" मला रीतीभातींचं एरवी फार कौतुक नाही, पण ही रीत कुणीतरी डोकं चालवून काढली होती. हिच्यात कुणी कुणाला फसवूच शकत नाही, असं मी शाळेत मैत्रिणींनाही समजावून सांगितलं, फळ्यावर चौकोन काढून.

फळ्यावर चौकोन काढणारी मी! गेल्या वर्षीपर्यंत माझं नाव पुकारलं की 'हजर' म्हणायला माझा आवाज फुटायचा नाही, शेजारची अपेक्षा माझ्या वतीनं ओरडायची. मग नववीत विज्ञान प्रदर्शन आलं. माझा विषय होता 'भिंतीच्या भेगा : कोणतीला भ्यायचं, कोणतीला नाही'. आर्णीत या विषयाला तोटा नाही. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तिच्यावर बसलेलं घरही तिच्यासोबत उठबस करतं. मी गल्लीतल्या सगळ्या भिंती पालथ्या घातल्या, तालुक्याला पहिली आले, जिल्ह्याला दुसरी, आणि यवतमाळला परीक्षकांसमोर जे बोलायला लागले ते आजतागायत थांबलेले नाही. आई म्हणते, "पहिले बोलत नव्हती म्हनून काळजी होती, आता गप काहून बसत नाई म्हनून हाये."

त्या बोलण्यामागे दोन माणसं होती. एक पप्पा. ते मोटारपंपांचं वायंडिंग करतात, हात एकदम सफाईदार. त्यांनी मला घड्याळजी वापरतात तसलं भिंग आणून दिलं. फाइलच्या पारदर्शक प्लास्टिकवर जाडी-जाडीच्या रेघा ओढून दिल्या, एक केसाएवढी, एक दोऱ्याएवढी, एक पेन्सिलीच्या शिशाएवढी, एक रुपयाच्या कडेएवढी. ती पट्टी भेगेवर ठेवली की भेग किती रुंद ते लगेच कळतं. तेव्हापासून ते मला 'इंजिनीअर' म्हणतात, दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. दुसरी सत्यशीला काकू. पप्पांचे धाकटे भाऊ संजय काका महागावला एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर काकू आणि तिची छोटी नयन आमच्याकडे आल्या, पुढच्या खोलीत राहू लागल्या. प्रदर्शनाआधी मी रोज काकूसमोर भाषण म्हणायचे आणि ती परीक्षक व्हायची. पदर डोक्यावर घेऊन, नाकावर नसलेला चष्मा सारखा करत विचारायची, "मॅडम, तुमच्या भेगेतून मुंगी गेली तं तिले किती दंड?" आम्ही हसून हसून लोळायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

काकूला अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम लागलं आणि घरात वाटणीचं बोलणं निघालं. भांडण वगैरे काही नाही. तीच म्हणाली, "दोन चुली तं झाल्याच हायेत दादा, आता दोन दरवाजे होऊ द्या."

आजोबांनी बांधलेलं आमचं घर लांबट आहे. मधोमध भिंत, दक्षिणेला दोन खोल्या, उत्तरेला दोन. दक्षिणेकडे आम्ही. उत्तरेला भाडेकरू असायचे, ते उन्हाळ्यात सोडून गेले होते. त्यांच्या बाजूला मी कधी फारशी गेलेच नाही. तिकडच्या बाहेरच्या भिंतीला पऱ्हाटीची ही भलीमोठी गंजी टेकलेली होती. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ती वाळकी झाडं चुलीसाठी रचून ठेवायचे, आणि त्या गंजीत साप असतो अशी माझी लहानपणापासून खात्री होती.

दसऱ्याला आई, काकू, नयन आणि मी वस्तीतल्या बायांसोबत दीक्षाभूमीला नागपूरला गेलो. पप्पा म्हणाले, "मले काम हाये, तुम्ही या जाऊन." परतलो तर काय, सगळं घर पांढरंशुभ्र, खाली निळा पट्टा! पप्पांच्या केसांतसुद्धा चुना होता. गंजी गायब, अंगण साफ. काकू दारातच थांबली. "अवो दादा, एकट्यानं केलं का सारं?" पप्पा लाजल्यासारखे हसले. मी तर त्यांच्या गळ्यातच पडले.

पुढच्याच आठवड्यात पप्पांनी वाटे सांगितले. साक्षीला वस्तीतले पुंडलिकराव आजोबा होते. ते शब्दाचे पक्के, कुणाच्याही वाटणीत त्यांनाच बोलावतात. दक्षिणेचा वाटा : दोन खोल्या, मोरी, पुढचं छोटं अंगण. उत्तरेचा वाटा : दोन खोल्या, मागचं मोठं अंगण आणि पाण्याची बोर. बोर! आर्णीच्या उन्हाळ्यात ज्याच्याकडे बोर, तो राजा. पुंडलिकराव आजोबांनी टोपी मागे सारली. "मारोती, वाटे करनाऱ्यानं असं दिलदार असावं लागते लेका."

माझी छाती किती फुगली, काय सांगू.

काकूला मात्र ते जड झालं. "दादा, इतकं मले काहून देऊन राह्यले?" तिनं विचारलं. मग हळूच म्हणाली, "अंगणवाडीतल्या ताईचा भाऊ यवतमाळले इंजिनीअर हाये. तो एकदा घर पाहून गेला असता तं बरं झालं असतं. दोन्ही वाटे, म्हंजे तुमच्यासाठीबी."

"बाहेरचा मानूस कायले?" पप्पा पटकन म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या घरात इंजिनीअर हाये ना. जिल्ह्यातून दुसरी आलेली. ही पाहीन दोन्ही बाजू."

काकूचा चेहरा उजळला. "हे तं माह्या ध्यानातच नाई आलं. उर्वशी म्हनल तोच वाटा मी उचलीन, बस."

त्या रात्री मला झोप कुठली!

रविवारी सकाळी मी भिंग, पट्टी, पेन्सिल आणि एक नाणं घेऊन बाहेर पडले. मागे शिडी घेऊन पप्पा, त्यांच्या मागे नयन, मग आई, काकू, पुंडलिकराव आजोबा. मिरवणूकच. पप्पा नाटकी वाकून म्हणायचे, "मॅडम, शिडी कुठं लावू?" आणि मी बोट दाखवायचे.

आधी दक्षिण. बाहेरच्या गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक भेगा होत्या, कोळ्यानं विणल्यासारख्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "या गिलावा वाळताना पडतात. केसाएवढ्या. यांना भ्यायचं नाही." स्लॅबच्या खाली एक आडवी, दोऱ्याएवढी. "ही उन्हानं. हिलाही भ्यायचं नाही." नाण्यानं ठोकून पाहिलं, एके ठिकाणी पोकळ वाजलं, तिथं पेन्सिलीनं गोल केला. "इथला गिलावा सुटलाय, पण भिंत ठणठणीत आहे."

"पोट्टी तं डाक्टरवानी ठोकून राह्यली," पुंडलिकराव आजोबा म्हणाले.

मग उत्तर. पांढरी, गुळगुळीत, नवीकोरी भिंत. मी भिंग घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. केसाएवढ्या दोन-चार रेषा, बाकी काहीच नाही. इतकी चांगली भिंत मी सबंध आर्णीत पाहिली नव्हती. तेव्हा तरी माझ्या डोक्यात काही यायला हवं होतं. आलं नाही. मला आनंद झाला होता ना, काकूला चांगली भिंत मिळणार म्हणून. नयन खिडकीच्या गजांना लोंबकळत म्हणाली, "ताई, मी माही खाट इथंच लावीन, खिडकीखाली. इथून बोर दिसते."

"लाव," मी म्हटलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "उत्तर पास!"

सगळे हसले. काकूनं माझी अलाबला घेऊन बोटं मोडली. पुंडलिकराव आजोबांनी ओट्यावर रुमाल पसरला आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या कुलपांच्या किल्ल्या ठेवल्या. धाकट्या घरानं जी किल्ली उचलायची, तो त्यांचा वाटा. एकदा उचलली की बदल नाही.

काकू वाकली, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब काकू, पाण्याचा प्रयोग राहिला!"

शपथेवर सांगते, मला कसलीही शंका नव्हती. मला फक्त मिरवायचं होतं. यवतमाळला याच प्रयोगाला टाळ्या पडल्या होत्या. भिंत पाण्यानं भिजवायची आणि वाळताना पाहत बसायचं. सगळी भिंत वाळते, पण जिथं भेग असते तिथं पाणी आत मुरलेलं असतं, ती रेघ शेवटपर्यंत ओली, काळपट राहते. डोळ्यांना न दिसणारी भेगसुद्धा आपोआप उमटते.

"राहू दे ना बाई आता," पप्पा म्हणाले. "झालं ना पास."

"पाचच मिनिटं पप्पा!"

"नवा रंग हाये. खराब होईन. कायले पानी नासतं?" त्यांचा आवाज जरा चढला. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नव्हतं.

"चुन्याला पाण्यानं काय होतंय? तुम्ही पण ना पप्पा!" मी बोरचा पाइप ओढून सुरूसुद्धा केला होता. नयनला भिजवलं, ती किंचाळत पळाली. भिंत वरपासून खालपर्यंत ओली केली. आईनं चहा आणला. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे तवाच. चहा संपेपर्यंत भिंत वरून पांढरी होत आली.

आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ राहिली.

आधी बोटभर. मग भिंत वाळत गेली तशी ती खाली खाली उघडी पडत गेली. सरळ नव्हती. जिन्याच्या पायऱ्यांसारखी, एक आडवी, एक उभी, एक आडवी, एक उभी, थेट जोत्यापर्यंत. विटांच्या सांध्यांमधून ती उतरली होती. अशा भेगेचं चित्र माझ्या तक्त्यावर लाल रंगात होतं. गिलाव्याची नाही ती. खालचा कोपरा खचला की पडते. तो कोपरा म्हणजे बोरचं सांडपाणी मुरायची जागा. काळ्या मातीला वर्षानुवर्षं तिथंच पाणी पाजलं गेलं होतं.

पहिला विचार आला तो माझाच. मला कशी दिसली नाही ही? भिंग लावूनसुद्धा? मी जवळ जाऊन पेन्सिलीचं टोक टेकवलं तर ते आत गेलं. पांढरी, मऊ, ओली पुट्टी निघाली, लोण्यासारखी. आतमध्ये पेन्सिल निम्मी बुडाली. रुपयाच्या कडेपेक्षा कितीतरी रुंद होती ती. कुणीतरी ती वरपासून खालपर्यंत नीट भरली होती, घासून सपाट केली होती आणि वरून चुना मारला होता. इतकं सफाईदार काम आमच्या गल्लीत एकाच माणसाला जमतं.

मी वळले. सगळे भिंतीकडे पाहत होते. पप्पा माझ्याकडे पाहत होते.

"काय झालं पोरी?" पुंडलिकराव आजोबांनी विचारलं. "वल हाये का?"

"वलच हाये," पप्पाच बोलले. "पऱ्हाटीची गंजी होती ना इथं, तिची वल धरली हाये भिंतीनं. निंघून जाईन उन्हानं." मग माझ्याकडे पाहून, अगदी प्रेमानं म्हणाले, "सांग ना बाई. वल हाये म्हन त्याहिले."

किती सोपं होतं. एक शब्द. त्यांनी तो माझ्या तोंडात तयार करून ठेवला होता. आई पदराला हात पुसत उभी होती, तिला काहीच कळलेलं नव्हतं. काकू रुमालाशी बसली होती, हात अर्धा पुढे केलेला.

"तुमचं राहू द्या दादा," ती हसत म्हणाली. "माह्या इंजिनीअरले बोलू द्या. ती म्हनल तेच."

नयनची खाट दिसली मला, खिडकीखाली.

"वल नाही," मी म्हटलं. आवाज तोच जुना निघाला, हजेरीतला. मी घसा साफ करून पुन्हा म्हटलं, "वल नाही काकू. पायाची भेग आहे. कोपरा खचलाय. पुट्टी भरून बुजवली होती."

"कोनं?" पुंडलिकराव आजोबांनी विचारलं.

उत्तर द्यायची गरजच नव्हती. घरी एकटं कोण राहिलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. काकूच्या डोक्यावरून पप्पांचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर राग नव्हता. आश्चर्य होतं. जणू भिंतच बोलली असावी.

पुंडलिकराव आजोबांनी रुमालावरच्या किल्ल्या सारख्या केल्या. मग म्हणाले, "वाटे तूच केले मारोती. आता फिरता येत नाई."

काकूनं दक्षिणेची किल्ली उचलली. पप्पांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याची मी तयारी केलेली नव्हती.

"पहिले पास म्हनलं होतं ना तू?" तिनं विचारलं.

"काकू, मला तेव्हा दिसली नाही गं."

"हो," ती म्हणाली. "असंन." आणि नयनचा हात धरून आत गेली. असंन! जिनं माझं अख्खं भाषण पाठ केलं होतं, माझ्यापेक्षा आधी, ती 'असंन' म्हणाली. माझ्या खरं बोलण्याआधीचं ते ओरडणं तिच्या कानात राहिलं होतं, आणि ते ओरडायला मला उभं कुणी केलं होतं?

आई स्वयंपाकघरात माझ्यावरच उसळली. "चारचौघात बापाचं नाक कापलं! घरात येऊन सांगता येत नव्हतं काय?"

"किल्ली उचलल्यावर घरात येऊन काय सांगणार होते आई?"

"जास्त बोलाले लागली तू!"

"हो, लागले."

दुपारी सामान हलवायला सुरुवात झाली. आमचं दक्षिणेचं उत्तरेला. पप्पांनी माझं टेबल एकट्यानं उचलून नेलं, खिडकीपासून लांब ठेवलं आणि बाहेर त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. ऊन लागून पुट्टीचे पापुद्रे सुटत होते. मी गेले त्यांच्याकडे. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, आणि रडलेही नाही.

"पप्पा, मलेच काहून उभं केलं? यवतमाळचा माणूस येतच होता."

ते नखानं पुट्टी खरवडत राहिले. "तो आला असता तं तेनं धरलं असतं."

एवढंच. मी काहीतरी मोठं कारण ऐकायला आले होते, कर्ज, आजार, काहीही. मी थांबून राहिले तसे ते पुढं बोलले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अगदी समजावणीच्या सुरात बोलले. "मले वाटलं, तू पोट्टी हायेस. भिंग लावशीन, रेघा पाह्यशीन, खुश होशीन. तुह्यावर कोनी शंका घेत नाई. अन् मी काय त्याहिले मराले सोडनार होतो? सालभरात करून देल्ला असता कोपरा नीट. दक्षिणेले रस्ता हाये बेटा, उद्या दुकान काढता आलं असतं. तुह्याच शिक्षणासाठी."

गिऱ्हाइकांसमोर 'माही पोरगी इंजिनीअर' म्हणणारे पप्पा, भिंग आणून देणारे पप्पा, शिडी धरणारे पप्पा. माझ्या हुशारीवर विश्वास असलेलं ते जगातलं पहिलं माणूस होतं, असं मी भाषणात म्हणायचे. आणि त्यांनी मला बोलावलं ते मला सापडणार नाही या खात्रीनं. माझ्या हुशारीवर नाही, माझ्या कच्चेपणावर त्यांचा भरवसा होता. वर तो भरवसा बरोबर निघालाही असता, मिरवायची हौस नसती तर.

"नयनची खाट तिथं लागणार होती," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "आता सांग, ही अजून वाढून राह्यली का थांबली?" दुकानात मोटार उघडल्यावर 'पाह्य बरं, तार कुठं जळली' असं विचारतात, त्याच सवयीनं. जणू सकाळ झालीच नव्हती.

ते कसं पाहायचं ते मला माहीत आहे. भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची. काच तडकली तर भेग चालू आहे. टेबलाच्या खणात काचा होत्या. एरवी मी पळत गेले असते.

"यवतमाळच्या माणसाला बोलवा," मी म्हटलं. "तो येईपर्यंत या खोलीत कुणी झोपायचं नाही."

"तुले येते ना ते?"

"येते," मी म्हटलं आणि तिथून निघाले.

दक्षिणेच्या दारात काकू एकटीच लोखंडी पलंग आतल्या खोलीत ओढत होती. पाय फरशीवर खरखरत होते. मी न विचारता दुसरी बाजू धरली. ती थांबली. मला वाटलं, आता सोड म्हणेल.

"तिरपा कर," काकू म्हणाली, माझ्याकडे न पाहता. "दार अरुंद हाये."